तिरप्या खिळ्यांतला ळ

तिरपे खिळे आमच्या छापखान्यात आले त्याच आठवड्यात आमच्या जुळाऱ्याचं बोट मोडलं. माझ्या यजमानांनीच मोडलं. एका वेलांटीचा कान उडाला होता आणि यजमानांच्या हातात लाकडी मोगरी होती.

हे कळायला आधी ते खिळे कसे होते ते सांगितलं पाहिजे. जव्हारात आमचा हातदाबाचा लहानसा छापखाना होता, घराच्या पुढच्या पडवीत. मागे स्वयंपाकघर, त्याच्या मागे परस. छापखान्यातली अक्षरं म्हणजे शिशाचे खिळे. एका खिळ्यावर एक अक्षर, उलटं. जुळारी ते एकापुढे एक लावायचा तेव्हा कागदावर ओळ सुलट उमटायची. आमचे जुने खिळे जाड आणि उभे होते, देवडीवरच्या पहारेकऱ्यांसारखे. नवे मुंबईहून रेल्वेने आणि पुढे बैलगाडीने आले. कागदावर ते सगळे उजवीकडे झुकत, वाऱ्यात भात झुकतं तसे, एकही मागे न राहता. डोक्यावरची रेघ केसासारखी बारीक. अक्षराचं पोट भरलेलं, आणि मग बारीक होत होत शेवटी टोक असं सुटलेलं, की लिहिणाऱ्याने बोरू उचलला तो क्षण दिसावा. त्यांतले मथळ्याचे खिळे माझ्या अंगठ्याच्या पेराएवढे मोठे होते.

अक्षर झुकतं म्हणून त्याचा एखादा भाग खिळ्याच्या कडेबाहेर जाई आणि शेजारच्या खिळ्याच्या खांद्यावर टेके. त्याला यजमान कान म्हणत. कानाला खालून आधार नसे. छापण्याआधी सगळे खिळे एका पातळीत यावेत म्हणून वर लाकडाचा ठोकळा ठेवून मोगरीने हलकेच ठोकावं लागतं. जुळाऱ्याचा हात उभ्या खिळ्यांवर बसलेला. त्याने नेहमीसारखं ठोकलं आणि कान तुटला. यजमानांनी त्याच्या हातातून मोगरी घेतली, त्याचा पंजा दगडी पाट्यावर धरला आणि ज्या बोटाने तो ठोकळा दाबून धरत असे त्यावर मारली. मी दाराआडून पाहत होते. यजमान ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नसत. ओरडणाऱ्या माणसाचा अंदाज तरी येतो.

त्यांचा एक नियम होता. तिरपं अक्षर शुभाला आणि शोभेला. लग्नपत्रिकेवरचं ‘शुभविवाह’ आणि वधूवरांची नावं, दसऱ्याच्या दरबाराच्या आमंत्रणाची पहिली ओळ, जत्रेच्या हस्तपत्रकाचा मथळा, अत्तराच्या बाटलीवरची चिठ्ठी. लिलाव, जप्ती आणि दहाव्या-तेराव्याची पत्रं उभ्या खिळ्यांत. सबंध मजकूर कधी तिरप्यात लावायचा नाही. सगळंच नटलेलं असलं की कशालाच शोभा राहत नाही, असं ते म्हणत. हे सांगताना त्यांचा आवाज इतका मऊ होई की ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसाने मुंगीही मारली नसेल.

बोट मोडल्यावर जुळाऱ्याच्या हाती तिरपे खिळे द्यायला ते तयार होईनात. छापून झालं की खिळे धुवून एकेक आपापल्या खणात परत टाकायचे असतात. ते काम माझ्याकडे आलं. मी खोडाळ्याची. वडिलांची शेती होती, तरी त्यांनी मला चौथीपर्यंत शाळेत धाडलं होतं, आणि माझी बोटं बारीक होती. पुरुषांसमोर मी जात नसे. जुळाऱ्याशी बोलायचं तर दाराआडून, तेही सासूबाईंमार्फत. परसात बसून एकटीने करायचं काम मिळालं म्हणून मला बरंच वाटलं.

एकटी मात्र राहिले नाही. मोखाड्याच्या वाटेवरच्या एका पाड्यावरची बाई आमच्याकडे मोळी टाकायची. वयाने माझ्याएवढीच. खिळे धुवायला चुलीतल्या राखेचं पाणी लागे, ते गाळून द्यायचं कामही तिने आपणहून अंगावर घेतलं. खिळे घासायचे, सुपात पसरून उन्हाला ठेवायचे, सुकले की मी निवडायचे. ती समोर बसून तांदूळ निवडताना बघावं तशी बघे. तिच्या डाव्या दंडावर काळेनिळे वळ असत. एकदा माझ्या गालावर बोटं उठलेली तिला दिसली, तेव्हा म्हणाली, “तुझा मानूस मुका का गं बाय? नुसता हातच बोलतो.” मी हसले. त्या घरात मोठ्याने हसल्याची मला तेवढीच आठवण आहे. सासूबाईंनी आतून विचारलं काय झालं, तर ती म्हणाली, सुपात विंचू निघाला.

एक दिवस सुपातून तिने एक मोठा खिळा उचलला आणि खाली ठेवला नाही. तो ळ होता. तिरप्या खिळ्यांत सगळ्यांत देखणा तोच. एक वाटोळं वळण मोठं, एक लहान, दोन्ही एकाच अंगाला कललेली, आणि दोन्हींची टोकं काकडीच्या वेलाच्या ताण्यासारखी आत वळलेली. देखणा, पण मथळ्यात क्वचितच लागायचा. ळ कुठल्या नावाच्या सुरुवातीला येत नाही. मध्ये नाहीतर शेवटी येतो. म्हणून त्याचा कानही शाबूत होता. ते अक्षर कुठलं हे तिने विचारलं नाही.

“माना यो पाहिजे,” ती म्हणाली.

मी म्हटलं, खिळा दिला तर मला जिवंत ठेवणार नाहीत. ती म्हणाली, खिला नको, ताना पाहिजे. शाई पुसायचा फडका पडला होता, त्यावर तिने खिळा दाबला आणि मग आपल्या उजव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या वर, नेटाने टेकवला. उचलला तर गोऱ्या बाजूवर काळा कुळकुळीत ळ, सुलट, कागदावर उमटतो त्याहून ठसठशीत. फुंकर घालत ती हात वर धरून बसून राहिली, मेंदी सुकवावी तशी.

पुढच्या बाजाराला ती मोखाड्याला गेली आणि गोंदणारीकडून त्या शाईवरून सुया टोचून घेतल्या. आमच्याकडे मोळी घेऊन आली तेव्हा हात सुजला होता आणि सुजेखाली तो ळ होता, बारीक रेघ बारीक, जाड रेघ जाड. गोंदणारीने असलं नाजूक काम आधी कधी केलं नव्हतं म्हणे, दोनदा सुई बदलली. बाकीचे दागिने मेल्यावर लोक काढून घेतात, गोंदण बरोबर येतं, असं त्यांच्यात मानतात. “आता यो माजा,” ती म्हणाली, “कोनी घे म्हनला तरी निघनार नाय.”

त्यांच्या पाड्यावर बायकांच्या हातावर ठिपके असत, तुळस असे, फणी असे. अक्षर कोणाच्याच हातावर नव्हतं. पण अक्षर म्हणून नव्हे, दुसऱ्याच कारणाने गोष्ट चिघळली. तिकडे गुरं रानात चुकतात, दुसऱ्याच्या कळपात मिसळतात, म्हणून मांडीवर लोखंड तापवून धन्याची खूण डागतात. खूण ज्याची, जनावर त्याचं. आणि हे झुकलेलं वळण फक्त आमच्या छापखान्यातून निघतं हे बाजारहाट करणाऱ्या न वाचणाऱ्या माणसालाही ठाऊक होतं; आमच्या दारावरची पाटीच तशी होती. मोहाची दारू पीत बसलेल्या कोणीतरी तिच्या नवऱ्याला म्हटलं, तुझ्या गायीला छापखान्याचा डाग पडलाय, आता दूध कोन काढतो?

तो आला तो बाजाराचा दिवस होता. सकाळी, भर उजेडात. कमरेला बांधलेल्या लाकडी आकडीत कोयता होता आणि एका मुठीत तिचे केस. ती वाकून चालत होती, पाय अडखळले की केसांनीच उचलली जात होती. ओठ फुटलेला होता. त्याने तिचा हात जुळाऱ्यासमोर धरला आणि विचारलं, “डाग कोनाचा यो?”

जुळारी बोटाला फडकं बांधून उभी अक्षरं लावत होता. तो घाबरला आणि घाबरून हसला. ते हसणं वाईट ठरलं. हे नुसतं अक्षर आहे, याने कोणाचं नावच सुरू होत नाही, असं त्याने सांगितलं ते खरं होतं. पण ज्याच्यावर संशय त्याच्या तोंडचं खरं कोण धरतो? कोयत्याची पाठ त्याच्या कानशिलावर बसली. तो खिळ्यांच्या खणांच्या पेटीवर पडला. पेटी आडवी झाली आणि तिरपे खिळे फरशीवर पसरले.

यजमान आतून आले. त्यांना आधी दिसले ते खिळे. मग तिचा हात दिसला. क्षणभर त्यांनी तो हात असा बघितला की जणू नुकताच दाबाखालून निघालेला कागद आहे, आणि म्हणाले, “हे अक्षर माझं आहे. माझ्या पेटीतलं.”

त्यांना चोरी म्हणायचं होतं. पण मालकाने सगळ्यांसमोर खूण आपली म्हणून सांगितली होती. रस्त्यावरून आत डोकावणारी माणसं दाराशी गोळा झाली. तिचा नवरा पुढे सरकला, त्याचा पाय खिळ्यांवर पडला आणि शिसं कर्रकन दबलं. तो आवाज ऐकताच यजमानांनी खिळे आवळायची लोखंडी चौकट उचलून त्याच्या तोंडावर मारली. दात पडला. त्याने कोयता फिरवला, तो दाबाच्या लाकडी खांबात रुतला, नाहीतर मी त्याच दिवशी विधवा झाले असते. मग तिथे नुसते हात, पाय आणि डोकी होती. जुळारी कान धरून कुशीवर पडला होता आणि बोटांमधून रक्त खिळ्यांच्या रांगेवर ठिबकत होतं. लोकांनी सोडवलं. जाताना नवरा तिला तशीच केसांनी घेऊन गेला. दारातून तिने आत बघितलं, माझ्याकडे. मी दाराआड होते.  पुरुषांत मी कधी बोलले नव्हते.

ते खिळे मीच धुतले. रक्त राखेच्या पाण्याने जातं, शाईपेक्षा लवकर.

पुढचं कळलं ते पत्रावळींची पानं विकणाऱ्या म्हातारीकडून. ती त्याच पाड्यावरची. त्याने कोयता चुलीत तापवून तिच्या हातावर ठेवला होता, सासूने आणि दिराने तिला धरलं होतं. अर्धा डाग जळाला, अर्धा राहिला. राहिलेला पाहून तो जास्तच चवताळला. आता पाड्याचे पंच बसणार होते. डाग दुसऱ्या पुरुषाचा ठरला तर तिला घराबाहेर काढायचं, तिचं लेकरू ठेवून घ्यायचं, आणि नवरा सगळ्यांदेखत म्हणाला होता की ती जाईल, पण तो हात इथेच ठेवून जाईल. म्हातारी म्हणाली, “तो करील गं बाय. रेड्याची मान एका घावात उडवतो तो.” पंच जुळाऱ्याला शपथेवर विचारायला येणार होते. पण जुळारी आदल्याच दिवशी कान बांधून नाशिककडे पळाला होता, आणि पळणारा चोर असतो हे सगळ्या मुलखात मानलं जातं. उरले यजमान. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी पुन्हा तेच सांगितलं असतं.

मी पुष्कळ विचार केला असं नाही. मला बोलता येणार नव्हतं एवढंच मला नक्की ठाऊक होतं. यजमान कागद आणायला बाहेरगावी गेले होते. सासूबाई वामकुक्षीला आडव्या झाल्या तेव्हा मी पेटीतून ळ काढला, फडक्यावर दाबला आणि माझ्या उजव्या हातावर टेकवला, तिच्या जागीच. त्या दिवशी आमच्या बाजारात तीच गोंदणारी येऊन बसली होती, तिथे डोक्यावरून पदर ओढून गेले. तिने शाई ओळखली. म्हणाली, ह्या फुलावरून मारामारी झाली म्हणतात. मी मान हलवली. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग सुया काढल्या. बारीक रेघेला दुखत नाही. जाड रेघ भरताना सुया पुन्हा पुन्हा त्याच कातड्यात जातात, तेव्हा डोळ्यांपुढे काजवे येतात. मी पदराचा बोळा दातात धरला होता. घरी आल्यावर बाहीखाली आणि बांगड्यांमागे तो लपवला.

पंच आले ते तिघे म्हातारे, तिचा नवरा, आणि सगळ्यांच्या मागे ती. हाताला कसलासा पाला बांधलेला, माशा बसत होत्या. यजमानही परतले होते. सगळे पडवीत टेकले. जुळारी पळाला हे कळल्यावर नवरा हसला. पडलेल्या दाताची जागा काळी दिसत होती. थोरल्या पंचाने यजमानांना विचारायला तोंड उघडलं आणि सासूबाईंनी मला आतून सांगितलं, पाणी दे.

पाहुण्यांना पाणी देणं हे सुनेचं काम. त्याला कोणी निर्लज्ज म्हणत नाही. मी बाही कोपरापर्यंत सारली, बांगड्या वर चढवल्या, तांब्या उजव्या हातात धरला आणि बाहेर गेले. थोरल्या पंचाने ओंजळ पुढे केली. मी ओतलं. पाणी त्याच्या ओंजळीत पडलं, भरलं, बाहेर सांडलं, तरी तो पिईना. तो माझ्या हाताकडे बघत होता. सूज अजून होती. मग त्याने मान वर केली.

“बाय, यो कशाला काढला?”

 मी म्हटलं, “शोभेला.”

त्या पडवीत मी बोललेला तो पहिला शब्द.

पंच यजमानांकडे वळला. “शेट, तुमच्यात घरच्या बाईलाबी डाग देतात का?” दुसरा म्हातारा खाली बघून मिशीत हसला. यजमान पांढरे पडले. आपल्या नकळत बायकोने हात गोंदवून घेतला असं चारचौघांत म्हणणं म्हणजे आपलं घर आपल्या हातात नाही असं म्हणणं. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्या दिवशीचा माझा पुढचा सगळा हिशोब मला त्या बघण्यात दिसला. पण बोलले ते मऊ आवाजात. “तिरपं अक्षर शोभेलाच असतं,” ते म्हणाले. “माणसाची खूण नाही ती. पेटीत असले खिळे शेकड्यांनी पडलेत.”

थोरला पंच तिच्या नवऱ्याला म्हणाला, “ऐकला का रं? वेलबुट्टी जालली तू, शाना.” मग बाहेर जाऊन थुंकला. तिला घरात ठेवायची, हाताला कोणी हात लावायचा नाही, असं तिथेच ठरलं.  ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या हाताकडे बघत होती.

ते वळणाआड गेल्यावर यजमानांनी दार लावलं. माझा हात त्यांनी त्याच दगडी पाट्यावर ठेवला. मी सोडवून घ्यायचा प्रयत्न केला नाही, सासूबाई मात्र मधे पडल्या. त्यांना एक धक्का बसला आणि त्या भिंतीवर आदळल्या. लोखंडी चौकट दोनदा बसली असं मला वाटतं. पहिलीला आवाज आला, दुसरीचा मला ऐकू आला नाही.

सासूबाईंनीच हळदीचा लेप घालून बांबूच्या कांब्या बांधल्या. त्यांच्या कपाळालाही टेंगूळ होतं. बांधताना म्हणाल्या, “कातडीवरचं पुसता येत नाही ना, म्हणून मार जास्त बसतो.” एवढंच. मनगट वाकडं जडलं ते जडलंच. आता मी लिहिते तेही तिरपं पडतं, पण डावीकडे, आणि ते काही शोभेचं नाही.

कांब्या असेपर्यंत खिळे निवडायला कोणी नव्हतं. नवा जुळारी मिळत नव्हता आणि लग्नसराई तोंडावर आली होती. धुतलेले खिळे सुपात तसेच पडून होते. एक दिवस परसाचं दार वाजलं. ती मोळी घेऊन आली होती. नवरा कुंपणाबाहेर उभा होता, पाठ करून. तिने मोळी टाकली, माझ्या हाताला बांधलेल्या कांब्या बघितल्या, आणि सुपापुढे बसली. एकेक खिळा उचलायची, डोळ्यासमोर धरायची, मी डाव्या हाताने खण दाखवायचे, ती टाकायची. थोड्या वेळाने माझा हात उठायच्या आत तिचा खणापाशी पोचू लागला. वाचता येत नसलं तरी इतके दिवस तिने नुसती वळणंच तर बघितली होती.

तिच्या हातावर आता मोठं वळण तेवढं होतं. लहान वळणाच्या जागी गुलाबी, चकचकीत, ओढलेलं कातडं. खिळ्यांत ळ आला तेव्हा ती थांबली. तिने तो आपल्या हाताशी लावून पाहिला, मग माझ्या.

“याला म्हनतात तरी काय?” तिने विचारलं.

मी सांगितलं, “ळ.”

“ल,” ती म्हणाली.

“ल नाही, ळ.”

“तेच म्हनतो मी. ल.” त्यांच्या बोलण्यात तो आवाजच नव्हता. तिने आणखी एकदा जीभ वळवून बघितली, जमलं नाही, तशी खांदे उडवले आणि खिळा बरोबर त्याच्या खणात टाकला. कुंपणाबाहेरून नवरा खाकरला. ती म्हणाली, “थांब रं, पेटी भरून होऊ दे,” आणि पुढचा खिळा उचलला.